वाजणारा अलार्मही 'ऑफ', बंद केलेलाही 'ऑफ'

'द अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह, सो आय टर्न्ड इट ऑफ.' पाचला अलार्म वाजला, म्हणून मी तो बंद केला. अर्थ इतका साधा, पण शब्द नीट पाहा. वाजण्याला 'ऑफ' आणि बंद करण्यालाही 'ऑफ'. पुढे 'द लाइट्स वेन्ट ऑफ' म्हणजे दिवे गेले, 'द मिल्क वेन्ट ऑफ' म्हणजे दूध नासलं आणि 'द बॉम्ब वेन्ट ऑफ' म्हणजे बॉम्ब फुटला. 'गो' म्हणजे जाणे, 'ऑफ' म्हणजे बंद, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. तरी हे दोन शब्द शेजारी आले की पदवीधर माणूससुद्धा अडखळतो.

अशा जोड्यांना इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. गिव्ह अप, टेक ऑफ, फाइंड आउट, कॅरी ऑन, पुट अप विथ अशा या जोड्या हजारोंनी आहेत. बाजारात त्यांच्या याद्यांची पुस्तकं मिळतात. 'गेट'चे तीस अर्थ, 'टेक'चे पंचवीस अर्थ अशी पानंच्या पानं विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. यादी चुकीच्या टोकाने लावलेली असते.

अर्थाची किल्ली मागच्या शब्दात

फ्रेझल व्हर्बमध्ये पुढे एक क्रियापद असतं. ते बहुधा अगदी रोजचं: गो, कम, गेट, टेक, पुट, टर्न. त्याच्या मागे एक छोटा शब्द येतो: अप, आउट, ऑफ, ऑन, डाउन, अवे. या छोट्या शब्दाला 'पार्टिकल' म्हणतात. काही जोड्यांत तिसराही शब्द लागतो. उदाहरणार्थ, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे.

आपलं लक्ष साहजिकच क्रियापदाकडे जातं, कारण क्रियापद म्हणजे वाक्याचा कणा हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या लाल गाड्या आठवा. गाडी सगळी एकसारखीच. ती साताऱ्याला जाणार की सोलापूरला, हे समोरची पाटी सांगते. 'टेक', 'पुट', 'गेट' ही तशी एकसारखी गाडी आहे आणि दिशा ठरवणारी पाटी म्हणजे पार्टिकल. गाडीकडे कितीही वेळ बघत बसलं तरी ती कुठे जाणार हे कळत नाही.

ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटायचं काही कारण नाही. आपण दिवसभर हेच करतो.

चकल्या खाल्ल्या की खाऊन टाकल्या?

'दादाने डब्यातल्या चकल्या खाल्ल्या' आणि 'दादाने डब्यातल्या चकल्या खाऊन टाकल्या' ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिल्यात काही उरल्या असतील. दुसऱ्यात डबा रिकामा आहे. इथे कुणी काही 'टाकलेलं' नाही. टाकणे या क्रियापदाने आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून खाण्याला संपवण्याची छटा दिली. इंग्रजीत नेमकं हेच 'अप' करतं. 'ही एट द चकलीज' म्हणजे खाल्ल्या, 'ही एट अप द चकलीज' म्हणजे खाऊन टाकल्या.

खाण्यावरच थांबू. 'खाऊन घे' म्हटलं की घाईत उरकण्याचा भाव येतो, 'खाऊन बघ' म्हटलं की चाचणीचा. 'खात सुटला' म्हणजे ताबा राहिला नाही आणि 'नको ते खाऊन बसला' म्हणजे आता पस्तावतोय. व्याकरणात यांना संयुक्त क्रियापदं म्हणतात. मुख्य अर्थ पहिल्या शब्दात असतो, दुसरा शब्द फक्त रंग देतो. परदेशी माणसाने मराठी शिकायला घेतली की तो 'टाकणे'चा अर्थ शब्दकोशात बघतो आणि चकल्या कुठे फेकल्या म्हणून शोधत बसतो. फ्रेझल व्हर्बपुढे आपली अवस्था नेमकी त्याच्यासारखी होते.

साम्य कधी कधी थक्क करणारं असतं. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे, 'पिक आउट' म्हणजे निवडून काढणे, 'स्वीप आउट' म्हणजे झाडून काढणे. तिकडे 'आउट', इकडे 'काढणे'. दोन्हींच्या पोटात आतून बाहेर येण्याचीच कल्पना आहे. 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणे आणि 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. 'कॅरी ऑन' म्हणजे करत राहणे आणि 'टॉक ऑन' म्हणजे बोलत राहणे, म्हणजे तिकडचा 'ऑन' तो आपला 'राहणे'. ही जुळणी दर वेळी एकास एक होत नाही. 'टाकणे'ला कधी 'अप' चालतो, तर कधी 'ऑफ': विकून टाकणे म्हणजे 'सेल ऑफ'. तरी क्रियेला छटा द्यायला एक छोटा शब्द जोडायचा, ही जाण आपल्याकडे जन्मापासून आहे. ती इंग्रजीच्या वर्गात कुणी वापरायला सांगत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

'ऑफ' म्हणजे सुटणे

आता अलार्मकडे येऊ. 'ऑफ'चा अर्थ 'बंद' असा पाठ केला की कोडं सुटत नाही. त्याचा मूळ अर्थ आहे चिकटलेलं, टेकलेलं, जोडलेलं काही तरी वेगळं होणं. 'टेक ऑफ युअर शूज' म्हणजे पायातले बूट काढणे. विमान 'टेक ऑफ' करतं तेव्हा त्याची चाकं धावपट्टीपासून सुटतात. कर्ज 'पे ऑफ' केलं की माणूस कर्जातून सुटतो. बैठक 'पुट ऑफ' केली की ती आजच्या तारखेवरून उचलून पुढे ठेवली जाते.

मराठीतलं 'सुटणे' इथे शेजारी ठेवून बघा. गाडी सुटली म्हणजे प्रवास सुरू झाला. शाळा सुटली म्हणजे शाळा संपली. बंदुकीतून गोळी सुटली म्हणजे बार झाला. एकच क्रियापद सुरुवातही सांगतं आणि शेवटही, आणि आपल्याला त्यात कधी विसंगती वाटत नाही. कारण मनात चित्र एकच असतं: धरून ठेवलेलं काही तरी मोकळं झालं. पुढे काय होणार हे त्या वस्तूवर अवलंबून. गाडी मोकळी झाली की धावते, मुलं मोकळी झाली की घरी जातात.

चावीच्या घड्याळात स्प्रिंग आवळलेली असते आणि एक खिट्टी तिला अडवून धरते. वेळ झाली की खिट्टी सरकते आणि घंटा वाजते. अलार्म 'वेन्ट ऑफ' हे असं डोळ्यांसमोर आणावं. बॉम्ब फुटतो तेव्हा कोंडलेली शक्ती मोकळी होते. दिवा वीजपुरवठ्यापासून सुटतो म्हणून विझतो. दूध आपल्या चांगल्या स्थितीपासून सुटतं म्हणून नासतं. एवढं चित्र मनात बसलं की चार अर्थ चार ठिकाणी पाठ करावे लागत नाहीत.

'अप' आणि 'आउट'

'अप' म्हणजे वर, हे तर सगळ्यांना माहीत. 'स्टँड अप', 'गेट अप' यांत शरीर खरोखर वर येतं. मग भाव वर जातात, आवाज वर जातो: 'प्रायसेस वेन्ट अप', 'टर्न अप द व्हॉल्यूम'. इथे उंची नाही, प्रमाण वाढलं. मराठीतही भाव चढतात आणि पारा चढतो. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात दाखवलं की अशी रूपकं ही कवींची मक्तेदारी नाही. रोजचा विचारच आपण त्यांच्या आधाराने करतो. 'जास्त म्हणजे वर' हे त्यातलं फार मूलभूत रूपक. बादलीत पाणी पडत जातं तशी पातळी वर येते, हे आपण लहानपणापासून पाहत आलेले असतो.

पातळी काठापर्यंत आली की बादली भरली, म्हणजे काम पूर्ण झालं. 'फिल अप'मध्ये वर जाणं आणि पूर्ण होणं एकाच वेळी घडतं. तिथून पूर्णतेचा अर्थ सुटा झाला आणि जिथे वर जाण्याचा काही संबंध नाही तिथेही लागू लागला. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे करणे, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणे. 'गिव्ह अप'मध्येही हाच अर्थ आहे: स्वतःकडे काही न ठेवता सगळं देऊन टाकणे, म्हणून शरण जाणे, म्हणून नाद सोडणे.

'अप'ची आणखी एक शाखा आहे. खाली दडलेली गोष्ट वर आली की दिसते. म्हणून 'टर्न अप' आणि 'शो अप' म्हणजे हजर होणे, 'ब्रिंग अप' म्हणजे विषय काढणे, 'लुक अप' म्हणजे शब्दकोशातून अर्थ शोधून वर आणणे.

'आउट'मध्ये एक छान पेच आहे. 'द स्टार्स आर आउट' म्हणजे चांदण्या दिसू लागल्या. 'द लाइट्स आर आउट' म्हणजे दिवे दिसेनासे झाले. दोन्हीकडे 'आउट', अर्थ उलटे. इथे विचारायचा प्रश्न एकच: आपण कुठे उभे आहोत? चांदण्या एका लपलेल्या जागेतून बाहेर पडून आपल्यासमोर येतात. दिव्याचा प्रकाश आपल्या समोरच्या जगातून बाहेर निघून जातो. मराठीत हा फरक आपण 'येणे' आणि 'जाणे' यांनी दाखवतो: चांदण्या आल्या, दिवे गेले. इंग्रजीत दोन्ही 'बाहेर'. बातमी 'कम आउट' होते तेव्हा ती आपल्यापर्यंत येते. घरातली साखर 'रन आउट' होते तेव्हा ती आपल्यापासून जाते. सुसान लिंडनर यांनी 1981 च्या आपल्या प्रबंधात 'अप' आणि 'आउट' या दोनच शब्दांच्या जोड्यांचा असा माग काढला होता. अर्थ मनमानी वाटले तरी त्यांच्यामागे चित्रांची साखळी असते, हे तिथून ठळक झालं.

'ऑन' आणि 'डाउन' तुलनेने सोपे. 'ऑन' म्हणजे टेकलेलं. पाय अजून वाटेवरच आहेत, म्हणून 'गो ऑन', 'कीप ऑन' म्हणजे चालू ठेवणे. 'डाउन' म्हणजे खाली, म्हणून कमी होणे, कोसळणे आणि कागदावर उतरवून घेणे.

सगळ्याच जोड्या अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ'चा अर्थ 'पुट' आणि 'अप'मधून काढायला गेलात तर हाती फार लागणार नाही. अशा जोड्या अखंड शब्द म्हणूनच घ्याव्यात. पण त्या संख्येने कमी आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांना निरर्थक ठरवणं योग्य नाही.

ही भानगड आली कुठून?

जुन्या इंग्रजीत असे छोटे शब्द बरेचदा क्रियापदाच्या आधी चिकटत. 'अंडरस्टँड', 'फरगिव्ह', 'विदस्टँड' हे त्याचे उरलेले नमुने. संस्कृतच्या वाटेने आपल्याकडे आलेले आहार, विहार, प्रहार, संहार याच जातीचे: एकच 'हृ' धातू, उपसर्ग बदलला की अर्थ पार बदलतो. इंग्रजीत पुढे हे उपसर्ग मागे सरकले आणि सुटे झाले. जर्मनमध्ये ते आजही दोन्हीकडे नांदतात. पुण्यामुंबईत मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांना 'आउफगेबेन' ओळखीचं असेल: 'आउफ' म्हणजे अप, 'गेबेन' म्हणजे गिव्ह, अर्थही 'गिव्ह अप'चाच. 'टेक' आणि 'गेट' ही या जोड्यांतली दोन सर्वांत कष्टाळू क्रियापदं इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतून आलेली आहेत.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. दरबार आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, विद्येची लॅटिन होतीच. तिथून भारदस्त शब्द आले: पोस्टपोन, एक्स्टिंग्विश, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट. घरात आणि शेतात मात्र पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ, लुक इंटू हेच चालत राहिलं. गंमत म्हणजे 'पोस्टपोन' हा शब्द लॅटिनमध्ये 'नंतर' अधिक 'ठेवणे' असाच बनलेला आहे. म्हणजे तोही एक 'पुट ऑफ'च, फक्त दरबारी पोशाखातला.

परक्यांना या जोड्यांचा सर्वांत जास्त त्रास होतो, हे डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव पुष्कळ नंतरचं. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये छापलं. सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. पुढे 1930 मध्ये सी. के. ऑग्डन यांनी जगासाठी 850 शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार केली. त्यात क्रियापदं अवघी 18 होती. एवढ्यावर भागलं कसं? 'एंटर' गाळून 'गो इन' घेतलं, म्हणून. शब्दांची संख्या कमी झाली, पण शिकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तितकं कमी झालं नाही, कारण जोड्या मोजल्याच नव्हत्या.

आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, कोर्ट आणि पाठ्यपुस्तकांतून. म्हणून आपली इंग्रजी दरबारी शब्दांत मोकळी असते आणि गप्पांत अवघडते. 'द फायर वॉज एक्स्टिंग्विश्ड' आपण सहज लिहितो. समोरचा 'दे पुट इट आउट' म्हणाला की क्षणभर थबकतो. अर्ज, अहवाल, न्यायालयीन कागद यांत लॅटिन घराण्याचे शब्दच शोभतात. पण सहकाऱ्याशी चहा पिताना कुणी 'आय कॅनॉट टॉलरेट द नॉइज' म्हणत नाही.

चौकट : 'इट' कुठे बसतो?

'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण पंख्याऐवजी 'इट' आलं की 'टर्न इट ऑफ' एवढंच बरोबर. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी वजनदार, नवी माहिती ठेवायची सवय आहे. 'इट' म्हणजे आधीच बोलून झालेली, हलकी गोष्ट, म्हणून ती मध्ये सरकते.

सगळ्याच जोड्या अशा फुटत नाहीत. 'लुक आफ्टर', 'रन इंटू', 'कम अक्रॉस' एकत्रच राहतात: 'लुक आफ्टर हर'. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने बिल फुगवलं. तिथे 'रॅन इट अप' म्हणता येतं. 'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. तिथे मात्र म्हणता येत नाही, कारण तिथला 'अप' टेकडीचा आहे, क्रियापदाचा नाही.

बोलताना जोर बहुधा पार्टिकलवर द्यावा: टर्न इट *ऑफ*. आणि पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहू नये. तिथला 'टू' 'कडे' या अर्थाचा आहे, म्हणून 'टू मीटिंग यू'.

मराठीत मुरलेल्या जोड्या

आपण समजतो त्यापेक्षा जास्त फ्रेझल व्हर्ब आपल्या तोंडी आहेत, फक्त नाम होऊन. मेकअप, ब्रेकअप, पिकअप, वर्कआउट, चेक-इन, लॉकडाउन, बॅकअप. मामाला स्टेशनवर सी-ऑफ करायला जातो आणि घाटात गाडी ब्रेकडाउन होते. यांपैकी प्रत्येक शब्दातून क्रियापद मोकळं करता येतं. 'मेकअप' चेहऱ्याचा माहीत आहे, मग 'मेक अप अ स्टोरी' म्हणजे नसलेली गोष्ट रचणे, आणि भांडणानंतर 'दे मेड अप' म्हणजे पुन्हा जमलं. विस्कटलेलं किंवा नसलेलं काही तरी उभं करणं, हा धागा तिन्हींत आहे.

काही जोड्यांनी इथे येऊन वेगळा अर्थ घेतला. 'मी 2019 ला पास आउट झालो' असं आपण पदवीबद्दल म्हणतो. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत याचा पहिला अर्थ 'बेशुद्ध पडलो' असा होईल. पण हा वापर निराधार नाही. ब्रिटिश लष्करी परंपरेत प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला 'पास आउट' म्हणतात, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आजही पासिंग आउट परेड होते. परदेशी कंपनीच्या अर्जात मात्र 'ग्रॅज्युएटेड' लिहिलेलं बरं. 'कोप अप विथ'मधला 'अप' तर साफ जादा आहे. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' ऐकून तो 'कोप'ला चिकटला. 'कोप विथ' एवढंच पुरतं.

किती शिकायचं?

हजारोंची संख्या ऐकून घाबरू नये. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या अभ्यासकांनी 2007 मध्ये ब्रिटिश इंग्रजीचा 10 कोटी शब्दांचा संग्रह चाळला. त्यांना आढळलं की 20 क्रियापदं आणि 8 पार्टिकल यांच्या जोड्यांतच फ्रेझल व्हर्बचा निम्म्याहून अधिक वापर होतो. मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी 2015 मध्ये सर्वाधिक लागणाऱ्या 150 जोड्या आणि त्यांचे 288 नेहमीचे अर्थ अशी यादी तयार केली. म्हणजे एका जोडीला सरासरी दोन अर्थ. कोशात दहा दिसले तरी आधी हे दोन पुरेत.

शिकताना वहीचं पान क्रियापदाच्या नावाने न काढता पार्टिकलच्या नावाने काढा. 'आउट'च्या पानावर वाचनात भेटलेली प्रत्येक 'आउट'ची जोडी पूर्ण वाक्यासकट उतरवा, आणि बाजूला लिहा: आतून बाहेर काय आलं, आपल्याकडे आलं की आपल्यापासून गेलं? चित्र जमत नसेल तर तिथे खूण करा आणि ती जोडी तशीच पाठ करा. मग त्याच जोडीचं एक वाक्य आपल्या घरातलं, ऑफिसातलं किंवा शेतातलं बनवा.

आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. उद्या फळ्यावर 'गेट'चे तीस अर्थ लिहू नका. फक्त 'आउट' लिहा, आणि 'काढणे'ने संपणारी जितकी मराठी क्रियापदं सुचतील तितकी मुलांना सांगायला लावा: शोधून काढणे, निवडून काढणे, उपसून काढणे, हुडकून काढणे. त्यानंतर इंग्रजीकडे वळा.